फायटरच्या टँकमध्ये श्रिंप

फायटर मासा आणि चेरी श्रिंप यांना एकाच टँकमध्ये ठेवणे हा घरगुती मत्स्यपालनातला एक लोकप्रिय प्रयोग आहे. यातला एक प्राणी मांसाहारी असून दुसरा मांस आहे. ही अडचण सोडली तर दोघांचे बऱ्यापैकी जुळते. गोडे पाणी, संथ प्रवाह, भरपूर पाणवनस्पती आणि कमी गडबड दोघांनाही मानवते. छत्रपती संभाजीनगरात या प्रयोगात तिसराही एक प्राणी सामील असतो, तो म्हणजे टँकच्या बाहेर राहणारे कुटुंब. श्रिंप मेल्या की संशय थेट माशावर जातो आणि तिसऱ्याची चौकशीच होत नाही.

फायटरचे शास्त्रीय नाव बेटा स्प्लेन्डेन्स. मूळ गाव थायलंड. तिथली भातखाचरे, दलदली आणि गवताने भरलेली उथळ डबकी हे त्याचे घर. सयामच्या राजाकडून फिरत फिरत आलेले काही मासे थिओडोर कँटर या डॉक्टरच्या हाती लागले. १८४९ मध्ये त्याने त्यांचे वर्णन छापले, पण नाव भलत्याच जातीचे दिले. ते निस्तरून १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगनने आजचे नाव ठेवले. सयामात या माशांच्या झुंजींवर पैजा लागत आणि झुंजी भरवण्याच्या परवान्यातून राजाला चांगले उत्पन्न मिळे, अशीही नोंद कँटरने केली आहे. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. एवढा राजाश्रय पाठीशी असलेला हा मासा आपल्याकडच्या दुकानात प्लास्टिकच्या ग्लासात मिळतो आणि शेजारच्या ग्लासाकडे कल्ले फुगवून बघत असतो. दोन ग्लासांच्या मध्ये पुठ्ठा लावतात, तो शोभेसाठी नसतो.

फायटरला कल्ल्यांखेरीज लॅबिरिंथ नावाचा आणखी एक अवयव असतो. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेऊ शकतो. याच सोयीमुळे तो छोट्या बाउलमध्ये तग धरतो, आणि तग धरतो म्हणून तो तिथे मजेत आहे असे गृहीत धरले जाते. दुकानात त्याचे दोन प्रकार नेहमी दिसतात. हाफमूनची शेपटी अर्धवर्तुळाकार, पसरट आणि जड असते; तिच्यामुळे त्याला धावपळ झेपत नाही. प्लाकाट आखूड पंखांचा आणि चपळ असतो. श्रिंपच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे. घरात मात्र निवड पडद्यांच्या रंगावरून होते.

चेरी श्रिंप म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी. बुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये तिचे वर्णन केले. चीन, तैवान, कोरिया हा तिचा मुलूख. पूर्ण वाढलेली मादी अडीच-तीन सेंटिमीटरची असते. निसर्गात तिचा रंग मातकट, हिरवट, जवळजवळ पारदर्शक असतो, म्हणजे ती कुणाला दिसू नये अशी सोय केलेली असते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिला लालभडक केले, पुढे निळी आणि पिवळीही केली. दिवाणखान्यातल्या पाहुण्यांना ती लांबून दिसावी हा हेतू पूर्णपणे साध्य झाला. फायटरलाही ती लांबून दिसते.

मराठवाड्यात झिंगा ओळखीचा आहे तो मुख्यतः वाळलेल्या रूपात. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. त्यामुळे जिवंत झिंगे पिशवीतून घरी येतात तेव्हा ज्येष्ठ मंडळींचा गोंधळ होणे साहजिक आहे. बाजारातला झिंगा किलोवर मिळतो, श्रिंप नगावर. ‘‘एवढ्या पैशात दहाच? आणि ते बी शिजवायचे नाहीत?’’ या प्रश्नाला मत्स्यपालनाच्या कोणत्याही पुस्तकात समाधानकारक उत्तर नाही.

श्रिंप टँक साफ ठेवतात, असे दुकानदार सांगतो. हे विधान अर्धे खरे आहे. त्या शेवाळ खातात, काचेवर आणि पानांवर साचलेला सूक्ष्मजीवांचा पातळ थर दिवसभर खरवडतात, माशाच्या तोंडून निसटलेला दाणा पळवतात. माशाची विष्ठा मात्र त्या साफ करत नाहीत, उलट स्वतःची भर घालतात. त्यामुळे श्रिंप आणल्या म्हणजे टँक धुण्याच्या कामातून सुटका झाली, या हिशेबाने जो खरेदी करतो त्याच्या कामात वाढ होते.

आता पाण्याविषयी, कारण या शहरात कोणताही विषय अखेर तिथेच येतो. पाणवठ्यातल्या माशांकडे बघत बसण्याची हौस इथे नवी नाही. पाणचक्कीच्या हौदातले मासे पाहायला लोक अजूनही कठड्याशी रेंगाळतात. त्या हौदात डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून खेळवलेले होते. आजच्या घरात पाणी येते ते जायकवाडीहून, पन्नासेक किलोमीटरचा प्रवास करून आणि मधे काही दिवसांचा मुक्काम घेऊन. किती दिवसांआड, हा आकडा उन्हाळ्यागणिक आणि वसाहतीगणिक बदलतो, त्यामुळे तो पाठ्यपुस्तकात छापण्यासारखा नाही.

या विलंबाचा एक फायदा आहे. मत्स्यपालनाचे प्रत्येक पुस्तक बजावते की नळाचे पाणी लगेच टँकमध्ये ओतू नये. त्यातला क्लोरीन उडून जाण्यासाठी ते किमान एक दिवस उघडे ठेवावे. पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला त्यासाठी मुद्दाम बादली भरून ठेवावी लागते. संभाजीनगरात ती आठवण करून द्यावी लागत नाही. इथे पाणी ड्रममध्ये इतके दिवस राहते की क्लोरीन कंटाळून निघून जातो.

ड्रममध्ये मग दुसरे काहीतरी येते. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास अंडी घालतो आणि आठवडाभरात अळ्यांचे डास होतात. या अळ्या म्हणजे फायटरचा मूळ आहार; भातखाचरात तो त्यांच्यावरच पोसला गेला. आरोग्य खात्याच्या दृष्टीने जो निष्काळजीपणा, तो फायटरच्या दृष्टीने फराळ. डेंग्यूच्या मोसमात कर्मचारी घरोघरी येतात, ड्रमची झाकणे उघडतात, बॅटरीचा झोत टाकतात, ‘‘कोरडा दिवस पाळा ताई’’ असे सांगतात आणि अळ्या दिसल्या तर पाण्यात ॲबेट टाकतात. ॲबेट म्हणजे टेमेफॉस हे अळीनाशक. ठरलेल्या मात्रेत ते माणसाला चालते, मासेही सहसा निभावून नेतात. श्रिंपचे तसे नाही. डासाची अळी आणि श्रिंप या दोघी संधिपाद प्राण्यांच्या एकाच मोठ्या कुळातल्या, लांबच्या बहिणी आहेत. एकीच्या मज्जासंस्थेवर चालणारे औषध दुसरीवरही चालते. कर्मचारी जातात, संध्याकाळी बादलीभर पाणी टँकमध्ये पडते, आणि सकाळी सगळ्या श्रिंप तळाशी आडव्या असतात. फायटर वर तरंगत, नेहमीप्रमाणे कल्ले फुगवून काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत असतो. घरातले एकमुखाने निकाल देतात की यानेच मारल्या. एका रात्रीत दहा श्रिंप मारून एकही न खाणारा फायटर अजून जन्मलेला नाही, हा मुद्दा कुणी उपस्थित करत नाही.

यावर उपाय सोपा आहे: टँकसाठीचे पाणी वेगळ्या, झाकणाच्या बादलीत भरून ठेवावे आणि ती ड्रमपासून लांब असावी. अवघड भाग पुढे येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टँकमध्ये सुमारे ५६ लिटर पाणी मावते. दर आठवड्याला त्यातले पाव पाणी बदलायचे, म्हणजे साधारण १४ लिटर, एक बादली. नळ यायला अजून तीन दिवस असताना ही बादली कुणासाठी चालली आहे, याचा जाब विचारला जातोच. ‘‘आम्ही भांडी कशात विसळायची? तुमचे मासे रोज पाण्यात लोळतात तरी त्यांना आणखी पाणी?’’ हा युक्तिवाद जीवशास्त्रात टिकत नसला तरी स्वयंपाकघरात टिकतो. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे. त्यात नायट्रेट भरपूर असल्याने मोगरा सुधारतो आणि त्याचे श्रेय नव्या मातीला मिळते.

पाण्याच्या कडकपणाबाबत हे शहर श्रिंपला अनुकूल आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चांगले असते. गिझरच्या कॉइलवर आणि स्टीलच्या नळावर बसलेला पांढरा थर त्याची साक्ष देतो. चेरी श्रिंपला कवच घडवायला हेच क्षार लागतात. फायटर जरा मऊ पाण्यातला, पण सवय करून घेतो. ज्या श्रिंपना मऊ, आम्लधर्मी पाणी लागते त्या क्रिस्टल रेड जातीच्या वाटेला इथे जाऊ नये.

अपाय होतो तो मायेने. घरात सगळ्यांत चांगले पाणी कोणते, तर फिल्टरचे. म्हणून कुणीतरी आरओचे पाणी टँकमध्ये भरते. त्यात क्षार जवळजवळ नसतात. कवच नीट सुटत नाही, मधोमध फाटून अडकते आणि श्रिंप त्यातच मरते. दुसरा मायेचा प्रकार तांब्याच्या हंड्याचा. रात्रभर तांब्यात ठेवलेले पाणी माणसाला गुणकारी, तर माशांना का नको, असा विचार करून आजी एक फुलपात्र ओततात. माणसाला सहज सोसेल इतके तांबेही श्रिंपला घातक ठरते. म्हणूनच माशांची अनेक औषधे तिच्यावर उलटतात, कारण त्यांत तांबे असते. या प्रकारातही संशयित म्हणून फायटरचेच नाव पुढे येते.

टँक भरला की लगेच प्राणी सोडायचे नसतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी असतात, त्या मानाने नायट्रेट सौम्य. हे जिवाणू स्पंजच्या फिल्टरवर आणि खड्यांवर पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दिवाणखान्यात दिवा लावलेला, फेस सोडणारा, पूर्ण रिकामा टँक उभा असतो. येणारा प्रत्येक पाहुणा आधी वाकून मासे शोधतो आणि मग सहानुभूतीने विचारतो, ‘‘कधी गेले?’’ या काळात टिकून राहणे ही मत्स्यपालनातली खरी परीक्षा आहे. बहुतेक घरे दुसऱ्या आठवड्यात नापास होतात.

जिवाणूंची सोय झाली की पुढचा क्रम पाळावा: आधी श्रिंप, मग बऱ्याच दिवसांनी फायटर. श्रिंप आधी आल्या तर त्यांना लपायच्या जागा ठाऊक होतात, आणि नंतर आलेला मासा अनोळखी मुलखात जरा बिचकून वागतो. क्रम उलटा झाला तर टँक फायटरच्या मालकीचा ठरलेला असतो आणि वरून पिशवीतून येणारी प्रत्येक वस्तू तो जेवणाच्या सदरात धरतो. लपण्यासाठी जावा मॉसचा दाट गुंता सर्वोत्तम. पिल्लांना त्यात आसराही मिळतो आणि खायलाही. फुटलेल्या कुंडीचे तुकडे चालतात. देशी बदामाचे वाळलेले पान धुऊन टाकावे. त्यातून टॅनिन उतरते, ते फायटरला मानवते. पान कुजते तसा त्यावर थर साचतो, तो श्रिंप खातात. पाणी मात्र चहासारखे दिसू लागते आणि घरातले कुणीतरी ते घाण झाले असे समजून सगळेच्या सगळे बदलून टाकते. असा एकदम केलेला बदल श्रिंपना सहसा पेलत नाही.

एवढे करूनही फायटर श्रिंप खाईल की नाही, हे शेवटी त्या विशिष्ट माशावर असते. काही फायटर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काही दोन दिवस पाठलाग करून नाद सोडतात. काही अट्टल असतात. ते मोठ्या श्रिंपच्या मिशा, पाय, डोळे टिपत राहतात. तोंडात मावेल ते अन्न, हा नियम मात्र सगळेच पाळतात, आणि एक-दोन मिलिमीटरची पिल्ले सगळ्यांच्याच तोंडात मावतात. पोट भरलेला फायटर शिकार करत नाही, ही समजूतही चुकीची आहे. हलणारी वस्तू दिसली की तो झडप घालतो, भूक नंतर तपासतो. श्रिंपचा बचाव एकच. पोट झटकन आकसून ती शेपटीच्या हिसक्याने मागच्या मागे उडते. हाफमूनला वळून तिथे पोचेपर्यंत ती दगडाखाली असते. प्लाकाटच्या बाबतीत हे सांगता येत नाही.

सगळ्यांत धोक्याचा काळ कात टाकल्यानंतरचा. वाढ होण्यासाठी श्रिंप ठरावीक काळाने कवच टाकते आणि नवे कवच कडक होईपर्यंत मऊ असते. अशा वेळी ती शहाणपणाने लपून बसते. प्रौढ मादी मात्र कात टाकल्यावर पाण्यात गंध सोडते आणि टँकमधले सगळे नर खुळ्यासारखे तिच्या शोधात वरखाली धावू लागतात. महिनाभर ज्यांनी फायटरला आपल्या अस्तित्वाचा पत्ता लागू दिला नाही, ते त्या दिवशी त्याच्या नाकासमोरून जातात. निसर्गनिवड कशी चालते हे समजावून सांगायला यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक दिवाणखान्यात मिळणार नाही.

टाकलेली कात हुबेहूब श्रिंपच्या आकाराची असते, मिशा आणि पाय यांसह. सकाळी ती तळाशी दिसली की आरडाओरडा होतो आणि फायटरच्या नावावर आणखी एक खून जमा होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. कात पांढुरकी, पोकळ आणि आरपार दिसणारी असते; मेलेली श्रिंप अपारदर्शक आणि शिजवल्यासारखी गुलाबी होते. कात काढून टाकू नये, श्रिंपच ती खातात आणि त्यातले क्षार परत मिळवतात. खून झाला असे ठरल्यावर दोन दिवसांनी मृत श्रिंप दगडाखालून बाहेर येते. फायटरची माफी कुणी मागत नाही.

खाण्याचे वेळापत्रक एकाच माणसाच्या हाती असावे. फायटरचे पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढे असते असे म्हणतात. दिवसाला तीन-चार दाणे त्याला पुरतात. प्रत्यक्षात सकाळी बाबा टाकतात, शाळेतून आल्यावर मुलगा टाकतो, आणि मासा काचेशी येऊन आशेने बघतो म्हणून संध्याकाळी आजी पुन्हा टाकतात. एकत्र कुटुंबात फायटरचा आहार कुटुंबाच्या आकाराच्या प्रमाणात वाढतो. त्याचे पोट फुगते, उरलेले दाणे तळाशी कुजतात, अमोनिया वाढतो. श्रिंप तो आधी सोसेनाशा होतात.

हवामानही दोघांत पक्षपात करते. फायटरला २४ ते २८ अंश सेल्सिअस लागते; चेरी श्रिंपला त्याहून थोडा गारवा आवडतो. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि खोलीतले पाणी तिशीच्या वर जाते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात दुपारी वीज गेली की फिल्टरचे बुडबुडे थांबतात. फायटर वर येऊन हवेतला श्वास घेतो आणि त्याचे काही बिघडत नाही. श्रिंपला फक्त कल्ले असतात. इन्व्हर्टरवर पंखा, टीव्ही आणि वायफाय असतात. फिल्टरचा पंप जेमतेम काही वॅटचा असतो, तरी त्याचा नंबर लागत नाही. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली टँकमध्ये तरंगत ठेवली तर दोन-तीन अंश उतरतात. कूलर शेजारी असेल तर बाष्पीभवन वाढून पाणी थंड राहते, पण पातळी रोज घटते आणि क्षार मागे उरत जातात. अशी तूट भरायला आरओचे पाणी योग्य. ते इथेच योग्य आहे, आणि नेमके इथे कुणी वापरत नाही. हिवाळ्यात बाजू पलटते. डिसेंबरच्या रात्री श्रिंप खुशाल हिंडतात आणि फायटर कोपऱ्यात मरगळून पडतो, त्याला हीटर लागतो.

डासांच्या फवाऱ्याबद्दल एवढेच की त्यातली पायरेथ्रॉइड द्रव्ये मासे आणि श्रिंप दोघांनाही घातक असतात. फवारणी किंवा गल्लीत धुरळणी सुरू झाली की टँक ओल्या कापडाने झाकून हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवावा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो.

या सगळ्यातून तरून गेलेल्या श्रिंप भरभर वाढतात. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली बाळगते, पायांनी त्यांना वारा घालते, आणि तीन-चार आठवड्यांत आईची हुबेहूब छोटी प्रत असलेली पिल्ले बाहेर पडतात. फायटर निम्म्याहून जास्त खातो तरी काही उरतात. एक श्रिंप वर्ष-दीड वर्ष जगते, फायटर दोन-तीन वर्षे. पण श्रिंपची वसाहत चालू राहते. फायटर रात्रीत मेला आणि सकाळपर्यंत लक्षात आले नाही, तर त्याची विल्हेवाट श्रिंपच लावतात.

जादा श्रिंप खाम नदीत किंवा सलीम अली सरोवरात सोडू नयेत. जर्मनी, पोलंड आणि हवाईत अशाच सोडलेल्या किंवा निसटलेल्या चेरी श्रिंपनी मोकळ्या पाण्यात बस्तान बसवले आहे. एकाच रंगाच्या असतील तर दुकानदार परत घेतो. पण हौसेने लाल, निळ्या आणि पिवळ्या एकत्र ठेवल्या असतील तर काही पिढ्यांत संकर होऊन सगळ्या पुन्हा मातकट, हिरवट होतात. मग दुकानदार त्या फुकटही घेत नाही, पाहुण्यांना टँक पुन्हा रिकामाच वाटतो, आणि फायटरला त्या शोधूनही सापडत नाहीत.